चिलटाचा ‘स्व’ : एका प्रथिनाच्या आकाराची गोष्ट



मागच्या वेळी आपण प्रत्यभिज्ञेवर, म्हणजे ओळख पटण्याच्या प्रश्नावर बोललो. काल पाहिलेला देवदत्त आणि आज समोर उभा असलेला देवदत्त एकच, हे आपल्याला कसं कळतं, यावर आपल्या दर्शनकारांनी किती डोकेफोड केली ते पाहिलं. व्याख्यान संपल्यावर नेहमीप्रमाणे चिठ्ठ्या आल्या. त्यातली एक आम्ही खिशात घालून घरी नेली. तीत एवढंच होतं : ‘सर, दुसऱ्याला ओळखायला आठवण लागते हे पटलं. पण स्वतःला ओळखायला काय लागतं? आणि जाणणारा कुणी नसेल तर ओळख होऊच शकत नाही का?’ खाली सही नव्हती.

आता, तत्त्वज्ञानाच्या मास्तराकडे याचं उत्तर तयार असतं. आम्हीही वर्गात ते वर्षानुवर्षं दिलं. ओळख ही जाणिवेची क्रिया आहे. जाणणारा नसेल तर ओळख नाही. दगड दगडाला ओळखत नाही. संपलं. विद्यार्थी लिहून घेत आणि परीक्षेत तसंच उतरवत. पण आज ते उत्तर आम्हांला तसंच्या तसं देता येत नाही. त्याचं कारण आहे एक चिलट. त्याच्या मेंदूतल्या एका प्रथिनाचा आकार कसा आहे, हे शास्त्रज्ञांनी २००७ आणि २००८ साली दाखवलं, आणि आम्हांला आमची जुनी टिपणं दुरुस्त करावी लागली. आज त्या आकाराची गोष्ट सांगायची आहे. विज्ञान आमचा विषय नव्हे, हे आधीच कबूल करतो. पण समजून घेतल्याशिवाय बोलायचं नाही, एवढं पथ्य पाळलं आहे.

कोणतं चिलट?

नाशिकमध्ये फळमाशी म्हटलं की आमच्या शेतकरी मित्रांना आंब्या-पेरूला डंख मारणारी मोठी माशी आठवते, जिच्यासाठी बागेत रक्षक सापळे टांगतात. ती ही नव्हे. आपल्या स्वयंपाकघरात केळी जरा जास्त पिकली, द्राक्षांचा घड दोन दिवस टोपलीत राहिला, की त्यावर तीन मिलिमीटरची, लाल डोळ्यांची चिलटं घिरट्या घालू लागतात. तिचं शास्त्रीय नाव ड्रोसोफिला मेलॅनोगास्टर. आपण हात हलवून हाकलतो तीच. पण गेली शंभरहून अधिक वर्षं आनुवंशिकतेचं निम्मं शास्त्र या चिलटाच्या पाठीवर उभं आहे. दहाबारा दिवसांत नवी पिढी, बाटलीत मावणारा संसार, आणि माणसाशी कितीतरी जनुकं मिळतीजुळती.

आपल्याकडेही हे काम जुनं आहे. होमी भाभांच्या निमंत्रणावरून ओबेद सिद्दिकी १९६२ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि तिथे त्यांनी रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला. पुढे त्यांनी चिलटाला वास आणि चव कशी कळते, हा प्रश्न हाती घेतला. त्यांच्या विद्यार्थिनी वेरोनिका रॉड्रिग्ज, मूळ गोव्याच्या कुटुंबातल्या, केनियात जन्मलेल्या, संशोधनासाठी मुंबईत आल्या आणि इथल्याच झाल्या. वासाच्या चेतापेशी मेंदूत नेमक्या कुठे जाऊन पोचतात, याचा नकाशा समजून घेण्यात त्यांनी आयुष्य घातलं. म्हणजे ‘चिलटाच्या मेंदूतली तार बरोबर जागी कशी जाते?’ हा प्रश्न कुलाब्याच्या समुद्रकाठी आधीच विचारला जात होता. आज आपण ज्या प्रथिनाबद्दल बोलणार ते सापडलं अमेरिकेत, पण प्रश्नाचं घराणं एकच.

मांडवावरच्या काड्या

प्रश्न नीट समजायला द्राक्षबागेत जाऊ. मांडवावर वेल चढवलेला असतो. प्रत्येक वेलाच्या काड्या शेतकरी पसरून बांधतो. का? एकाच वेलाच्या काड्या एकमेकींवर पडल्या तर सावली होते, काही जागा रिकामी राहते, काही ठिकाणी गर्दी होते. म्हणून एका वेलाच्या काड्या एकमेकींपासून लांब हव्यात. शेजारच्या वेलाच्या काडीला काडी लागली तर मात्र फारसं बिघडत नाही.

चेतापेशीचंही असंच असतं. तिला फांद्या फुटतात, त्या फांद्यांना उपफांद्या. चिलटाच्या अळीच्या त्वचेखाली काही संवेदी चेतापेशी असतात. त्यांच्या फांद्या त्वचेखाली जाळीसारख्या पसरतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर थक्क व्हायला होतं. एकाच पेशीच्या शेकडो फांद्या, पण एक दुसरीला ओलांडत नाही. दुसऱ्या जातीच्या पेशीच्या फांद्या मात्र त्याच जागेतून खुशाल आरपार जातात.

म्हणजे प्रत्येक फांदीला वाढता वाढता, समोर दुसरी फांदी आली की, ठरवावं लागतं : ही माझीच आहे की परकी? माझी असेल तर मागे वळ. परकी असेल तर चालू दे. बागेत हे ठरवणारा शेतकरी वरून बघत असतो. चिलटाच्या अळीत कोण बघतं? फांदीच्या टोकाला डोळे नाहीत. मेंदूने हुकूम द्यावा म्हटलं तर मेंदूच अजून घडतो आहे. आणि आपली फांदी पेशीच्या मध्यापासून किती लांब आली, हे त्या टोकाला कळायला मार्ग नाही.

आमच्या मते, पूर्णपणे जाणिवेशिवाय विचारलेला ‘कोऽहम्’ तो हाच.

एक जनुक, अडतीस हजार रूपं

२००० साली लॉस एंजलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात लॅरी झिपर्स्की यांच्या गटाने चिलटातलं एक जनुक प्रसिद्ध केलं. त्याचं नाव डीस्कॅम. त्या संशोधनात डिटमार श्मुकर हे पुढे होते. हे नाव ‘डाउन सिंड्रोम सेल अ‍ॅड्हिजन मॉलिक्यूल’ या लांबलचक नावाची अद्याक्षरं आहेत, आणि इथे जरा थांबतो, कारण सभागृहात कुणाच्या घरी डाउन सिंड्रोम असलेलं मूल असेल तर ते नाव ऐकून मनात काहीतरी हलेल. माणसातलं या जनुकाचं भावंड २१ व्या गुणसूत्रावर आहे, डाउन सिंड्रोमशी जोडलेल्या भागात सापडलं, म्हणून हे नाव पडलं. चिलटाच्या गोष्टीतून त्या मुलांसाठी औषध निघालं, असा याचा अर्थ नाही. तसं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

नावातला दुसरा शब्द ‘अ‍ॅड्हिजन’ म्हणजे चिकटणं. पेशींना एकमेकींना धरून ठेवणारी प्रथिनं बरीच आहेत. ती नसती तर आपलं शरीर वाळूच्या ढिगासारखं पसरलं असतं. डीस्कॅम त्याच कुळातलं. पेशीच्या पृष्ठभागातून ते बाहेर डोकावतं, आणि त्याचं शेपूट आत असतं. बाहेरचा भाग म्हणजे एका माळेत ओवलेले सोळा मणी समजा. प्रत्येक मणी म्हणजे प्रथिनाची एक घट्ट घडी. त्यातले दहा मणी एका घडणीचे, उरलेले सहा दुसऱ्या घडणीचे. त्या दहांची घडण आपल्या रक्तातल्या प्रतिपिंडांच्या घडणीसारखी असते.

आता यातली गंमत. जनुक म्हणजे प्रथिनाची पाककृती, असं म्हणतात. बहुतेक पाककृतींत एक पदार्थ होतो, फार तर चारदोन प्रकार. या पाककृतीत मात्र चार जागी ‘यांपैकी कोणताही एक घ्या’ असं लिहिलेलं आहे. पहिल्या जागी १२ पर्याय, दुसऱ्या जागी ४८, तिसऱ्या जागी ३३, चौथ्या जागी २. गुणाकार करा : १२ गुणिले ४८ गुणिले ३३ गुणिले २, म्हणजे ३८,०१६. चिलटाची एकूण जनुकंच सुमारे चौदा हजार. म्हणजे एका जनुकातून होऊ शकणारी रूपं ही सगळ्या जनुकांच्या दुपटीहून अधिक!

चौथ्या जागेचा पर्याय पेशीच्या पटलातून जाणाऱ्या भागाचा असतो. तो बाजूला ठेवला तर बाहेर दिसणारी रूपं राहतात १९,००८. पहिला पर्याय दुसऱ्या मण्याचा अर्धा भाग ठरवतो, दुसरा पर्याय तिसऱ्या मण्याचा अर्धा भाग, आणि तिसरा पर्याय सातवा मणी अख्खा. दुसरा, तिसरा, सातवा. हे तीन आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

प्रत्येक चेतापेशी या प्रचंड पेटीतून दहापासून पन्नासपर्यंत रूपं उचलते, आणि ती बहुतांशी योगायोगाने. मूठभर चिठ्ठ्या, डोळे मिटून काढलेल्या. त्या पेशीच्या सगळ्या फांद्यांवर तीच मूठ पसरलेली असते. शेजारच्या पेशीची मूठ वेगळी.

इथवर आलं की उत्तर दिसू लागतं. फांदी समोरच्या फांदीवरच्या चिठ्ठ्या आपल्या चिठ्ठ्यांशी ताडून पाहत असणार. पण ‘ताडून पाहणं’ म्हणजे काय? रेणू वाचतो कसा? २००४ साली परीक्षानळीत प्रयोग झाले आणि दिसलं की डीस्कॅमचं एक रूप फक्त त्याच रूपाला चिकटतं. पुढे २००७ मध्ये हेच मोठ्या प्रमाणावर तपासलं गेलं, आणि हिशोब निघाला की १९,००८ पैकी १८,०४८ रूपं अशी फक्त स्वतःच्याच प्रतीला धरणारी असावीत.

विचार करा. कुलूप आणि किल्ली या वेगवेगळ्या वस्तू असतात. अठरा हजार कुलपांना अठरा हजार किल्ल्या, हे कळतं. पण इथे किल्ली नाहीच. प्रत्येक कुलूप फक्त आपल्यासारख्याच कुलपात बसतं, इतर कशातही नाही. असं कुलूप घडवायचं कसं? इथे तर्क थांबतो. इथे आकार डोळ्यांनी बघावाच लागतो.

खडीसाखर आणि क्ष-किरण

रेणूचा आकार डोळ्यांनी दिसत नाही. प्रकाशाची लहर त्याच्यापेक्षा कितीतरी पटींनी मोठी. क्ष-किरणांची लहर मात्र अणूअणूंमधल्या अंतराएवढी असते, साधारण एक अँगस्ट्रॉम, म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. पण एका रेणूवरून विखुरलेले क्ष-किरण इतके क्षीण असतात की काहीच कळत नाही. यावर उपाय म्हणजे स्फटिक.

खडीसाखर कशी करतात, पाहिलंय ना? साखरेचा दाट पाक, त्यात दोरे सोडलेले, आणि दिवसेंदिवस न हलवता ठेवायचं. साखरेचे रेणू एकामागे एक शिस्तीत रांगेत बसतात आणि खडा वाढतो. प्रथिनाचंही तसंच करायचं. शुद्ध प्रथिनाचा थेंब घ्यायचा, त्यातलं पाणी अगदी हळूहळू कमी होऊ द्यायचं, आणि वाट पाहायची. फरक एवढाच, की साखर गुणी मुलगी आहे आणि प्रथिन हट्टी. लांब, लवचीक माळेसारखं प्रथिन तर अधिकच. शेकडो वेगवेगळी मिश्रणं करून बघावी लागतात आणि त्यातल्या एखाद्यात बारीकसा खडा येतो. तोही निम्मा पाण्याने भरलेला आणि बोट लागलं तर मोडणारा.

स्फटिकात कोट्यवधी रेणू एकाच पवित्र्यात उभे असतात. परेडमधल्या जवानांचे पाय एकदम पडले की आवाज घुमतो, तसे सगळ्यांवरून विखुरलेले किरण ठरावीक दिशांना एकत्र येतात आणि ठिपक्यांची रांगोळी उमटते. त्या ठिपक्यांच्या ठळकपणावरून गणित करून रेणूचा आकार मागे काढतात. माक्स फॉन लाउए यांनी १९१२ साली ही वाट दाखवली, ब्रॅग पितापुत्रांनी तिचा रस्ता केला. आपल्याकडे हे काम परकं नाही. इंदूरला, जिथे मराठी माणूस होळकरांच्या काळापासून घरचा आहे, तिथे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात ‘इंडस-२’ नावाचं सुमारे १७२ मीटर परिघाचं यंत्र आहे. इलेक्ट्रॉन त्यात गोल फिरतात आणि वळताना प्रखर क्ष-किरण देतात. प्रथिनांच्या स्फटिकांसाठी तिथे भाभा अणुसंशोधन केंद्राने वेगळी किरणवाट बांधली आहे.

आमच्या विषयातही एक स्फटिक आहे. शेजारी जास्वंद ठेवली की तो लाल दिसतो, फूल काढलं की पुन्हा स्वच्छ. आत्मा असा निर्लेप असतो, हे सांगायला आचार्य तो दृष्टान्त देत. या प्रयोगशाळेतल्या स्फटिकाचं काम नेमकं उलटं. तो स्वच्छ राहून उपयोग नाही; त्याच्या आत जे आहे ते त्याने बाहेर सांगितलं पाहिजे.

नमस्कार नव्हे, फुगडी

२००७ साली बॉस्टनला श्मुकर आणि जिया-हुआय वांग यांच्या गटांनी डीस्कॅमच्या पहिल्या चार मण्यांचा स्फटिक करून त्याची रचना प्रसिद्ध केली. चार मणी सरळ रांगेत नव्हते. माळ वाकून घोड्याच्या नालेसारखी झाली होती. २००८ साली लॉस एंजलिसला मायकेल सावाया, डेव्हिड आयझेनबर्ग, झिपर्स्की आणि सहकाऱ्यांनी पहिल्या आठ मण्यांची रचना मिळवली. चित्र फार बारीक नव्हतं, तपशील सुमारे चार अँगस्ट्रॉमचा, म्हणजे सुटा अणू दिसत नाही पण माळेचं वळण स्वच्छ दिसतं. पाचव्या आणि सहाव्या मण्यांमध्ये माळ झटकन वळते, आणि आठ मण्यांचा आकार इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखा होतो. स्फटिकात असे दोन ‘एस’ एकमेकांना भिडलेले होते. आणि भिडले होते कुठे? दुसरा मणी समोरच्याच्या दुसऱ्या मण्याला, तिसरा तिसऱ्याला, सातवा सातव्याला. जे तीन मणी बदलतात, नेमके तेच तीन!

आता हे भिडणं कसं आहे, ते नीट पाहू, कारण सगळं रहस्य त्यात आहे. नमस्कार करताना आपण डावा तळवा उजव्याला जोडतो. त्या दोन वेगवेगळ्या वस्तू आहेत, एकमेकींची आरशातली प्रतिमा. हस्तांदोलन करताना मात्र माझा उजवा हात तुमच्या उजव्या हातात जातो. दोन्ही एकाच जातीचे हात, फक्त एक दुसऱ्याच्या तुलनेत अर्ध्या गिरकीने फिरलेला. फुगडी आठवा. हातांची अढी घालून उजवा हात उजव्यात, डावा डाव्यात. दोघी मुली समोरासमोर, एकसारख्या उभ्या. एकीला अर्धी गिरकी दिली की ती दुसरीच्या जागी बसते. डीस्कॅमची फुगडी अशीच आहे, आणि तिला दोन नव्हे, तीन हात आहेत.

अर्धी गिरकी म्हणजे पट्टी उलट होते. समजा, मण्याच्या भिडणाऱ्या कडेवर क, ख, ग अशी तीन रसायनं आहेत. समोरची प्रत उलटी येते, म्हणून क च्या समोर ग येतो, ग च्या समोर क, आणि मधला ख दुसऱ्या ख समोर. तेव्हा एका टोकाला धन भार आणि दुसऱ्या टोकाला ऋण भार असेल, तर उलट्या प्रतीत धनासमोर ऋण येतं आणि दोन्ही जुळतात. म्हणजे त्या पट्टीची किल्ली त्याच पट्टीत दडलेली आहे! आता दुसऱ्या रूपाची पट्टी आणा, जिच्यात भार वेगळ्या जागी आहेत. धनासमोर धन येईल, खाचेसमोर खळगा येईल, जुळणार नाही. कुलपाला वेगळी किल्ली का लागत नाही, याचं उत्तर हे. कुलूपच उलटं धरलं की किल्ली होतं.

आणि तीन मण्यांची ही तीन जुळणी एकाच वेळी व्हावी लागते. दोन जुळली आणि तिसरी जुळली नाही, तर पकड बसतच नाही म्हणा. म्हणून तीन जागच्या मोजक्या पर्यायांतून हजारो वेगळ्या ओळखी तयार होतात. प्रत्येक ओळखीसाठी वेगळं जनुक ठेवावं लागत नाही.

पकडलं, म्हणून सोडलं

आता शेवटचं वळण. आपलीच फांदी समोर आली, चिठ्ठ्या जुळल्या, फुगडी धरली गेली. मग काय? चिकटून बसायचं? नाही. प्रथिनाचं नाव ‘चिकटवणारं’ असलं तरी इथे परिणाम उलटा होतो. बाहेरची पकड बसली की आतल्या शेपटाकडून पेशीला इशारा जातो, फांदीच्या टोकातला सांगाडा बदलतो, आणि दोन्ही फांद्या एकमेकींपासून दूर वळतात. फुगडीत वेग वाढला की हात सुटतो आणि दोघी दोन दिशांना जातात, तसंच म्हणा.

२००७ मध्ये अळीच्या त्वचेतल्या पेशींवर हे तीन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं. पेशीतून डीस्कॅम काढून टाकलं की तिच्या फांद्या एकमेकींना ओलांडू लागतात, गुंततात. याउलट, एरवी एकमेकींतून खुशाल जाणाऱ्या दोन वेगळ्या पेशींना मुद्दाम एकच चिठ्ठी दिली, तर त्या एकमेकींना ‘स्वतः’ समजून दूर सरतात. परक्याला स्व समजण्याची चूक करवता येते, याचा अर्थ स्वचा आधार आपल्या हाती लागला.

इतक्या चिठ्ठ्या कशाला, असं कुणी विचारेल. हिशोब आपणच करू. समजा, प्रत्येक पेशी १५ चिठ्ठ्या उचलते. पेटीत फक्त १०० प्रकार असतील, तर दोन शेजारणींमध्ये सरासरी दोन चिठ्ठ्या सारख्या निघतील. म्हणजे जवळजवळ प्रत्येक शेजारीण ‘आपली’ वाटेल आणि सगळा गोंधळ होईल. पेटीत १९,००८ प्रकार असतील, तर एखादी चिठ्ठी सारखी निघण्याची शक्यता शंभरात एक-सव्वा. २००९ साली झिपर्स्की यांच्याच गटाने चिलटांमधले पर्याय कमी करून पाहिलं. काही हजार प्रकार उरले तोवर ठीक चाललं. हजाराच्या आसपास आले तेव्हा पेशी आपल्या-परक्यात फसू लागल्या.

मग आमचं काय चुकलं?

आता त्या चिठ्ठीकडे परत येऊ. जाणणारा नसेल तर ओळख होते का?

चिलटाच्या फांदीत जाणणारा कुणी नाही. आठवणही नाही. देवदत्ताला ओळखायला कालची प्रतिमा मनात जपावी लागते. इथे जपलेलं काहीच नाही, दोन प्रती समोरासमोर येतात आणि त्यांच्या कडा जुळतात किंवा जुळत नाहीत. तरीही आपलं आणि परकं यांचा निवाडा होतो, तो चुकू शकतो, आणि त्याचे परिणाम होतात. म्हणून आमचं जुनं उत्तर दोन भागांत तोडावं लागतं. निवड करणारी ओळख वेगळी, आणि त्या ओळखीची जाणीव वेगळी. पहिलीला जाणणारा लागत नाही. दुसरीला लागतो की नाही, हा वाद जिथे होता तिथेच आहे. तो चिलटाने सोडवलेला नाही. आम्ही इतकी वर्षं दोन्ही एकाच पिशवीत घालून शिकवलं, ही आमची चूक.

दुसरी गोष्ट अधिक बोचणारी आहे. त्या पेशीच्या ‘स्व’ मध्ये विशेष काय आहे? काहीही नाही. तिच्या मुठीतल्या चिठ्ठ्या योगायोगाने आलेल्या. त्यांना अर्थ नाही. अमुक चिठ्ठी थोर, तमुक हलकी, असंही नाही. शेजारणीच्या चिठ्ठ्यांपेक्षा त्या वेगळ्या आहेत, एवढंच पुरतं. बौद्ध आचार्य दिङ्नाग यांनी शब्दाच्या अर्थाबद्दल अपोहवाद मांडला : ‘गाय’ या शब्दाचं काम ‘गाय नसलेलं’ ते सगळं वगळणं. चिलटाच्या पेशीची ओळख अशीच, वगळण्यावर उभी. आपण मात्र आपल्या वेगळेपणाला लगेच मोठेपण चिकटवतो; आडनाव, गाव, भाषा, जात. वेगळं असणं आणि श्रेष्ठ असणं यांचा काही संबंध नाही, हे एका चिलटाने इतकं स्वच्छ दाखवावं, याची आम्हांला थोडी लाजच वाटली.

मात्र दोन सावधगिरीच्या सूचना. एक, ‘पेशी ओळखते’, ‘समजते’, ‘फसते’ ही आपली भाषा आहे. बोलायला सोयीची म्हणून आम्हीही आज सारखी वापरली. पण खरोखर घडतं ते कडा जुळणं आणि त्यातून पुढची रासायनिक हालचाल. दोन, माणसाच्या डीस्कॅममध्ये अशी हजारो रूपं होत नाहीत. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत हेच काम साधारण तशाच युक्तीने दुसरं प्रथिनकुल करतं, त्याला प्रोटोकॅड्हेरिन म्हणतात. तेव्हा ‘विज्ञानाने आत्मा सिद्ध केला’ किंवा ‘आत्मा खोटा ठरवला’, यातलं काहीही या रचनेतून काढू नका. एका रेणूचा आकार त्या रेणूबद्दल सांगतो, आणि आपल्या एका आळशी गृहीतकाबद्दल. तेवढं पुष्कळ आहे.

चिठ्ठी लिहिणारे श्रोते आज आले असतील, तर त्यांना एवढंच सांगतो : तुमचा प्रश्न बरोबर होता आणि आमचं तयार उत्तर अर्धं होतं. स्वतःला ओळखायला, निदान काही ठिकाणी, स्वतःची एक प्रत समोर यावी लागते आणि ती उलटी धरून पाहावी लागते. माणसालाही हे कधीकधी बरं पडेल.

घरी गेल्यावर केळ्यांवर चिलटं दिसतील. हाकला, जरूर हाकला. पण हाकलण्यापूर्वी क्षणभर पाहा.

इथेच थांबतो.